मायेची पावती

मूल सांभाळण्याचे पैसे किती घ्यावेत, हा प्रश्न जिला कधी पडला नाही ती बाई सुखी म्हणायची. दुधाचा भाव ठरलेला असतो, शिवणाचा ठरलेला असतो, शिकवणीचाही हल्ली उघडपणे बोलता येतो. पण दुसऱ्याचे मूल आठ तास सांभाळले, भरवले, निजवले, त्याचे नाक पुसले, तर त्याचा हिशेब कोणत्या मापाने करायचा? हिशेब करावा तर माया उणी पडल्यासारखी वाटते. न करावा तर वाणी काही मायेच्या खात्यावर साखर देत नाही.

मी नगरला, सावेडीच्या बाजूला, गेली अठरा वर्षे राहत्या घरात पाळणाघर चालवते. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. कागदावर मी तेच लिहिते, पण बोलताना तोंडी नगरच येते. पुढची मोठी खोली, मागे अंगण, अंगणात पेरूचे झाड, १२ मुले, मदतीला दोन बायका आणि दारामागे खिळ्याला टांगलेला एक पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यावर नियम लिहिलेले आहेत. नवी आई ते वाचू लागली की तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडते. "अहो काकू, घरगुती म्हणून आलो, आणि इथं तर शाळेपेक्षा कडक!" असे काही जणी बोलून दाखवतात, बाकीच्या मनात ठेवतात. तेव्हा एकदा सविस्तर सांगावे म्हणून हे लिहायला घेतले.

मी पहिले मूल घेतले तेव्हा पुठ्ठा नव्हता. शेजारच्या शिक्षिकाबाईंचे मूल होते, आणि पैशाचे नाव काढताच सासूबाईंनी हातातली पोथी खाली ठेवली होती. "अगं, पोरं सांभाळायचे का कुणी पैसे घेतं? देवानं दिलेली माया ती. तिची का दुकानदारी करायची?" त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या काळी घरात आजी होती, विधवा आत्या होती, मोठी जाऊ होती. मूल कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असायचे आणि त्या कडेचा पगार कुणी विचारत नसे. खरे सांगायचे तर, त्या आत्येला विचारायला हवा होता असे मला पुष्कळदा वाटते.

बाई घराबाहेर पडली की तिचे मूल कुठे राहते, हा प्रश्न आपण फार उशिरा विचारला. याच नगरात अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८३९ साली आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. मुली शिकल्या, शिकवू लागल्या, दवाखान्यात, कचेरीत, बँकेत गेल्या. आणि पाळणा मात्र घरातच राहिला. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक कामकरी बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली तो आकडा ३० वर आणला. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्यातही पाळणाघराची तरतूद होती. पण ती कारखान्याच्या इमारतीसाठी. आमच्या नगरात कितीतरी बायकांनी घरी बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या आणि त्यांची पोरे तंबाखूच्या त्या धुळीतच रांगली. त्यांच्यासाठी कायद्याने पाळणा कुठे बांधायचा?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला काम सुरू केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा गोड शब्द त्यांच्याच कामातून आला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. पण अंगणवाडी काही तासांची आणि नोकरी आठ तासांची. मधल्या तासांत मूल कुणाकडे, याचे उत्तर म्हणजे माझ्यासारखीची पुढची खोली.

आता नियम. पहिला प्रवेशाचा. मूल सहा महिन्यांचे पूर्ण झालेले असावे. २०१७ साली प्रसूतीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, तेव्हापासून माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या आयांचे वेळापत्रकच बदलले. बाळ पाचव्या महिन्यात शिरले की त्यांचा फोन येतो. जागा १२, त्या भरल्या की नाव वहीत, तारखेसह. ज्याची तारीख आधी त्याची जागा आधी. लसीकरणाचे कार्ड दाखवायचे. मुलाला न्यायला कोण कोण येईल, त्या माणसांचे फोटो द्यायचे. त्यांच्याखेरीज सख्खा मामा आला तरी आईचा फोन आल्यावाचून मूल मिळणार नाही. यावरून एक मामा माझ्यावर भलतेच रागावले होते. आईला मात्र हायसे वाटले.

पहिले तीन दिवस आईने बरोबर यायचे: पहिल्या दिवशी पूर्ण वेळ, दुसऱ्या दिवशी निम्मा, तिसऱ्या दिवशी मुलाला सांगून निघायचे. चोरून पळायचे नाही. "रडेल हो," असे सगळ्याच म्हणतात. रडेलच, पण सांगून गेलेली आई परत येते हे त्याला चार दिवसांत कळते. न सांगता गेलेल्या आईची मात्र ते दिवसभर दाराकडे बघून वाट पाहते. अठरा वर्षांत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे, की या नियमात सूट मागणाऱ्या आईला मी पुढचा महिना सांगते.

दुसरा नियम पैशाचा, आणि खरी खडाखडी तिथेच. दिवसभराची फी ३५०० रुपये, पाच तारखेच्या आत, महिन्याच्या सुरुवातीला. मूल आठ दिवस आजोळी गेले, आजारी पडले, दिवाळीची सुट्टी आली, तरी फी पूर्ण. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षिकांची मुले घरी असतात, त्या महिन्याची निम्मी. पण जागा धरून ठेवायची असेल तर ती द्यायलाच हवी. "मूल आलंच नाही तर पैसे कसले?" हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणाऱ्यांत भरपगारी रजा घेणारेच अधिक असतात, ही त्यातली गंमत. मी शांतपणे सांगते, की तुमचे मूल आले नाही म्हणून माझ्याकडच्या मावशींचे पोट त्या आठवड्यात सुट्टी घेत नाही. त्यांचा पगार, घरपट्टी, गॅस हे सगळे मूल असो नसो चालूच राहते. तुम्ही फी भरता ती मुलाने खाल्लेल्या भाताची नव्हे. ते येईल तेव्हा त्याच्यासाठी दोन हात मोकळे असतील, याची ती फी आहे.

तिसरा नियम कपड्यांचा. तो वाचून लोक हसतात, आणि मला सर्वांत प्रिय तोच आहे. दोन जोड जुने, सुती, धुऊन मऊ झालेले. जरीचे, टिकल्यांचे, जाळीचे काही नको. टिकली तोंडात जाते आणि जाळी कोवळ्या मानेला टोचते. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला मुलाच्या नावाचे अक्षर दोऱ्याने घातलेले असावे. शाईचे अक्षर चार धुण्यांत जाते. थंडीत कानटोपी आणि स्वेटर, कारण मार्गशीर्ष-पौषातली नगरची सकाळ अंगात शिरते. गळ्यात दोरा, साखळी, ताईत काही नको. झोपेत अडकले तर जीव जायचा. करदोडा चालेल. सोने मुळीच नको: बिंदल्या नाहीत, मनगट्या नाहीत. ओले कपडे मी खळबळून, वाळवून परत देते. साबणाची धुलाई घरी, कारण आमच्याकडे पाण्याची चैन नाही.

"आमची हौस म्हणून काही आहे की नाही?" एका आजीबाईंनी विचारले होते. आहे ना. पण फ्रॉकला डाग पडेल म्हणून जी मुलगी मातीत बसत नाही, तिची हौस कुणी करायची? नव्या कपड्यातले मूल दिवसभर कपडा सांभाळते. जुन्या कपड्यातले खेळते.

या नियमाचा आणखी एक गुण मला पुढे कळला. माझ्याकडच्या मावशी मूळच्या पाथर्डी तालुक्यातल्या. त्यांची लेक आणि जावई दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. लहान पोर बरोबर. कोपीत राहायचे, आणि तोड चालू असता पोर बांधाला झोळीत, नाहीतर उसाच्या पाल्यावर. काही वर्षांपूर्वी, नात दीड वर्षाची असताना, गणपतीच्या दिवसांत मावशी एकदा भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "ताई, औंदा नात माझ्यापाशी ठेवावी म्हणते. हितं आणली तर चालंल का?"

मी म्हटले, "अहो मावशी, विचारता काय? आणा की. तुमचीच नात."

त्यांनी हातातले पातेले खाली ठेवले. "तसं नको. फुकट ठेवलं की लेकरू उपऱ्यावाणी राहतं. कुनी उठ म्हनलं की उठायचं. वहीत नाव लिवा, पावती फाडा."

मी वहीत नाव आणि तारीख लिहिली. फी ठरवताना आमची बरीच ओढाताण झाली. मी १०० रुपये म्हणत होते, त्या हजारावर अडून होत्या. शेवटी ५०० ठरले, आणि तेही पगारातून कापायचे नाहीत, पाच तारखेच्या आत हातात द्यायचे. माझ्या हिशेबात त्या जागेवर दरमहा ३००० रुपयांचा खड्डा पडणार होता, आणि तो लहान नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर एका वडिलांची बदली झाली आणि जागा रिकामी झाली. बँकेतल्या एका बाईंची रजा संपत आली होती. त्या भेटायला आल्या. मी वही उघडली. मावशींच्या नातीची तारीख त्यांच्या आठ दिवस आधीची होती. बाईंना हे पटेना. "काकू, मी पूर्ण फी भरते आहे. कामवाल्या बाईंच्या नातीसाठी आमचा नंबर मागे का?"

"मागे केला नाही हो," मी म्हटले, "तो मागेच होता." त्या उठून गेल्या. त्यांची अडचण खरी होती. त्यांना दोन महिने सासूबाईंना गावाहून आणून ठेवावे लागले. जानेवारीत जागा झाली तेव्हा मी फोन केला, आणि त्या आल्या. याचे मला आजही कौतुक वाटते.

मावशींना अक्षरओळख नाही. मी पेन्सिलीने फ्रॉकच्या आत नातीच्या नावाचे अक्षर काढून दिले, आणि त्यांनी लाल दोऱ्याने त्यावर टाके घातले. टाके इतके एकसारखे, की दुसऱ्या आया आपले कपडे त्यांच्याकडे शिवायला देऊ लागल्या. बारा मुले मऊ, विटक्या, जुन्या कपड्यांत अंगणात बसली की कोण कुणाचे, कुणाची आई कचेरीत आणि कुणाची उसाच्या फडात, हे येणाऱ्या माणसाला सांगता येत नसे. मला तरी कुठे येत होते? कॉलर उलटून अक्षर पाहावे तेव्हा कळायचे.

म्हणून नियम कडक म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. नियम नसते तर ती जागा कुणाला मिळाली असती? ज्याची ओळख मोठी, ज्याचा आवाज मोठा, त्याला. आणि मावशींची नात माझ्या दयेवर राहिली असती. माझी दया बरी असली तरी रोज सकाळी ती सारखीच असेल, याची हमी मी स्वतःही देऊ शकत नाही. माया माणसागणिक कमीजास्त होते. वहीतली तारीख होत नाही.

यंदा दिवाळीपूर्वी पुठ्ठा जुना झाला म्हणून नवा लिहायला बसले. नियम तेच ठेवले. फक्त शेवटी एक ओळ वाढवली: 'फी भरल्यावर पावती मागून घ्यावी.' हल्ली पैसे मोबाइलवरूनच येतात, त्यामुळे आया म्हणतात, "पावती कशाला काकू? विश्वास आहे की." विश्वास आहेच. तरी मी पावती फाडते, आणि तिच्यावर आईचे नव्हे, मुलाचे नाव घालते. या घरात त्याची स्वतःची एक जागा आहे, हे कुठेतरी लिहिलेले असावे.