डोंगरातले वाळवंट

चैत्र सरत आला की येऊरपासून मुंब्र्याच्या कड्यांपर्यंत आणि तेथून पुढे मलंगगडापर्यंत, ठाणे-कल्याणच्या प्रवाशाला लोकलच्या खिडकीतून रोज दिसणारी डोंगररांग करडी पडते, तिच्यावरचे गवत वणव्यात जळून जाते, आणि उघड्या काळ्या कातळावर दुपारी हात ठेववत नाही. त्या दिवसांत या मुलुखास पर्वत म्हणावे की वाळवंट, असा प्रश्न मला पडतो. पुढे मृगापासूनच्या चार महिन्यांत त्याच कातळावर सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. परस्परविरोधी असे दोन भूप्रदेश एकाच जागी आळीपाळीने नांदवणाऱ्या या डोंगराचा खरा वहिवाटदार कोण, याचा विचार करू लागलो की बिबट्या किंवा मोर यांच्याआधी मला विंचू आठवतो.

त्याचे कुळ या डोंगराहूनही पुरातन आहे. सह्याद्रीचा कातळ ज्या लाव्हारसातून घडला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळला. विंचवांचे जुन्यात जुने अवशेष मात्र सिलुरियन कालखंडातले, त्रेचाळीस कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. एवढ्या अवधीत त्याच्या देहाची मूळ ठेवण फारशी पालटली नाही, कारण काटकसर हाच तिचा पाया होता: अंगातले पाणी उडू न देणारे मेणचट कवच, जवळजवळ कोरडा मळ, भक्ष्याच्या देहरसावर भागणारी तहान, आणि जीवनव्यापार इतका संथ की अन्नावाचून कित्येक महिने काढता यावेत. वाळवंटासाठी म्हणून जे गुण आपण वाखाणतो, ते या प्राण्याने आपल्या वैशाखातही तितक्याच निष्ठेने वापरले आहेत.

आज जगात विंचवांच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्या वैविध्याचे मर्म मला जमिनीच्या वैविध्यात दिसते. वाळूत राहणाऱ्या कित्येक विंचवांच्या पायांवर ताठ केसांच्या रांगा असतात, त्यामुळे पाय रुतत नाहीत. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातला विंचू तर वाळूतून येणारी भक्ष्याची कंपने पायांनी टिपून त्याची दिशा ओळखतो, असे फिलिप ब्राउनेल यांनी प्रयोगांनी दाखवले. अँडीज पर्वतात साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, जेथे रात्री पाणी गोठते, तेथेही दगडाखाली विंचू सापडतात. आपल्या सह्याद्रीत स्कॉर्पिओप्स गटातले चपट्या अंगाचे विंचू कातळाच्या भेगांमध्ये राहतात, आणि त्यांचे भाऊबंद आढळतात ते थेट हिमालयात. मधल्या सपाटीवर त्यांच्या उपयोगाचा कातळ नाही, म्हणून एका डोंगराची भेग दुसऱ्या डोंगराच्या भेगेपासून समुद्रातल्या बेटांइतकी दूर पडते, आणि अशा दुराव्यातूनच लक्षावधी वर्षांत जातीपासून जात निराळी होत जाते.

आपल्याकडचा भला थोरला काळा विंचू, ज्याला पुष्कळ ठिकाणी इंगळी म्हणतात, तो मात्र मातीचा. बांधाच्या उतारावर चपट्या, आडव्या तोंडाचे बीळ खणून तो पावसाची वाट पाहतो. यातल्या एका जातीला पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने 1893 साली फिप्सन यांचे नाव दिले. 1883 साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे फिप्सन हे चिटणीस होते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी नव्या जातींच्या नोंदीचे ते दप्तर बंद झालेले नाही: येऊरच्या रानाच्या नैऋत्येकडच्या आरे वसाहतीतून 2010 साली झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी विंचवाची एक नवी जात विज्ञानापुढे ठेवली आणि तिला आरेचेच नाव दिले. कोट्यवधी माणसांच्या शेजारी, दुधाच्या तबेल्यांच्या आसपास, एक जीव तोवर बिननावाचा नांदत होता, ही गोष्ट मला अजूनही विस्मित करते.

इंगळीच्या पुढच्या, चिमट्यासारख्या आडदांड नांग्या पाहून जो भयभीत होतो, त्याची भीती चुकीच्या ठिकाणी असते. भक्ष्य चिरडण्याचे बळ नांगीत असले की विषावर फार भिस्त ठेवावी लागत नाही. उलट बारीक नांग्यांचा, जाड शेपटीचा छोटा तांबडा विंचू सारा भार विषावर टाकतो, आणि ते विष माणसाचे हृदय व फुप्फुसे घायाळ करते. या दंशाने कोकणात माणसे, विशेषतः मुले, मोठ्या संख्येने दगावत असत. रायगड जिल्ह्यात, प्रथम बिरवाडीला आणि मग महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून या विषाची वाटचाल टिपली, त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध योजले, आणि मृत्यूचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून अगदी थोड्यांवर आणले. आधी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने व नंतर 2022 साली पद्मश्रीने त्या कार्याची नोंद घेतली, पण ज्या ग्रामीण दवाखान्यात ते उभे राहिले, त्याचा मला अधिक अभिमान वाटतो.

विंचवाची मादी अंडी घालत नाही. कित्येक महिने गर्भ वाहून ती पिल्लांना जन्म देते आणि पहिली कात टाकीपर्यंत त्यांना पाठीवर बाळगते. दिवसा दगडाखाली दडून राहणारी ही माय रात्री झुरळे, नाकतोडे आणि कोळी टिपते, आणि स्वतः घुबडाच्या वा मुंगसाच्या तोंडी जाते. मोठी व्हायला तिला वर्षे लागतात, आणि आपल्या जागेपासून ती फार दूर जात नाही. म्हणून पारसिकच्या डोंगराला किंवा शिळफाट्याकडे सुरुंग लागतात, आणि डोंबिवलीतल्या नव्या इमारतींसाठी कातळाची खडी होते, तेव्हा तेथला विंचू दुसऱ्या डोंगरावर बिऱ्हाड हलवत नाही. भेग गेली की तोही गेला. खाणपट्ट्याच्या कागदावर ब्रास मोजले जातात, रॉयल्टी मोजली जाते, हद्दीच्या खुणा मोजल्या जातात. त्याच कागदावर, सुरुंगाचा परवाना देण्यापूर्वी, एखाद्या जाणकाराने रात्री अतिनील प्रकाशाचा दिवा घेऊन डोंगर चढावा आणि त्या प्रकाशात निळसर-हिरवे चमकणारे विंचू मोजून तोही आकडा सरकारदरबारी लिहून द्यावा, अशी माझी मागणी आहे.