दादांच्या पंचाहत्तरीला हसवणारं पुस्तक

नांदगाव

प्रिय ताई,


दादांच्या पंचाहत्तरीला हॉल घ्यायचा का आणि भेट काय द्यायची, असं तू विचारलंस. मला विचारशील तर हॉल नको, शाल-श्रीफळही नको. जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ द्यावं आणि तो दिवस सगळ्यांनी मिळून नस्तनपूरला घालवावा. तुला या दोन वेगळ्या गोष्टी वाटतील. मला त्या एकच वाटतात. जगातल्या मोठ्या विनोदी कादंबऱ्या आठवून बघ, बहुतेकींत माणूस घराबाहेर पडलेला असतो. सर्व्हान्टिसचा डॉन किहोते घोड्यावर बसून निघतो, डिकन्सचे पिकविक आणि मंडळी गावोगाव फिरतात, जेरोमचे तिघे मित्र होडीत बसतात. आपल्याकडे ‘बटाट्याची चाळ’मध्येसुद्धा चाळकऱ्यांचं भ्रमण मंडळ निघतंच. घरात, रोजच्या खुर्चीत माणसाचा स्वभाव झाकून राहतो. सवयीच्या जागेवरून उठला, पिशव्या भरू लागला, गाडीची वेळ विचारू लागला, की तो उघडा पडतो, आणि हसू तिथेच सुरू होतं.

दुसरं असं, की हे हसू एकट्याचं नसतं. ‘डॉन किहोते’चा पहिला भाग 1605 मध्ये आला. त्यात नायक पहिल्यांदा एकटाच बाहेर पडतो आणि मार खाऊन परत येतो. सांचो पान्सा त्याच्यासोबत निघतो तो सातव्या प्रकरणात, आणि खरी गंमत तिथून पुढे. पवनचक्क्यांचा प्रसंग येतो तो लगेच आठव्यात. पवनचक्क्या सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्या राक्षस नाहीत हे ओरडून सांगणारा कुणी शेजारी नसता, तर तो प्रसंग नुसताच वेडेपणाचा राहिला असता. ‘पिकविक पेपर्स’ 1836 पासून दरमहा छापून येत होतं. सुरुवातीला खप जेमतेम चारशे प्रतींवर आला होता. पुढे सॅम वेलर हा चलाख नोकर कथेत आला आणि शेवटाकडे खप 40 हजारांवर गेला. चिं. वि. जोशींनी तेच केलं. भिडस्त चिमणरावाशेजारी त्यांनी दणकट गुंड्याभाऊ उभा केला. दोन-चार गोष्टी वाचून झाल्या की पुढे गुंड्याभाऊ नुसता दारात आला तरी हसू येतं. त्याने काही बोलायचीही गरज उरत नाही. चुटका ऐकून आलेलं हसू आणि हे हसू यांत हाच फरक आहे. हे ओळखीतून येतं, आणि ओळख व्हायला वेळ लागतो. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओला तेवढी सवड कुठून असणार?

तू म्हणशील, मराठीत विनोदी कादंबऱ्या आहेतच किती? खरं आहे, फार नाहीत. ‘सुदाम्याचे पोहे’पासून आपला विनोद लेखांत आणि कथांत रमला. मासिकांना आणि दिवाळी अंकांना आटोपशीर मजकूर हवा असायचा. मिरासदार आणि शंकर पाटील तर गोष्टी व्यासपीठावर सांगायचे, आणि व्यासपीठावर कादंबरी कशी सांगणार? म्हणूनच मी दळवींचं नाव घेतो. त्यांनी कोकणातलं एक अख्खं गाव, त्यातल्या विक्षिप्त माणसांसकट, एका पुस्तकात बसवलं. वाचता वाचता ती माणसं आपल्या शेजारची होतात, आणि मग त्यातलं कुणी गेलं की हसणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी येतं. आपल्या कोरड्या भागातल्या माणसाला ते गाव परकं वाटेल, ही शंका मला पटत नाही. नारळाच्या जागी बाभूळ आली म्हणून भाऊबंदकी आणि बढाया बदलत नाहीत.

मामांचा आक्षेप जास्त गंभीर आहे: या वयात काहीतरी धार्मिक द्यावं, विनोदी पुस्तक थिल्लर दिसेल. पण हसणं थिल्लर असतं तर एकनाथांनी भारुडं कशाला रचली असती? आणि चिमणराव लिहिणारे चिं. वि. बडोद्याला पाली शिकवत होते, बौद्ध साहित्याचे अभ्यासक होते. इतक्या विद्वान माणसाला घाबरट चिमणराव लिहिताना कमीपणा वाटला नाही, तर पंचाहत्तरीच्या माणसाने वाचताना तो का मानावा? शिवाय दादांकडे ज्ञानेश्वरी आहेच, ती रोज उघडतेही. कमी पडतंय ते हसायला सोबत. हॉलमध्ये दोनशे माणसं येतील, पाया पडतील, जेवतील, जातील. त्या गर्दीत दादांशी दहा मिनिटं कोण बोलेल?

दादांच्या डोळ्यांचं म्हणशील, तर त्यांनी स्वतः वाचायचंच नाही. आपण आळीपाळीने मोठ्याने वाचायचं. विनोद तसाच जास्त खुलतो, कारण पुढचा हसला की आपल्यालाही आवरत नाही. एका दिवसात पुस्तक संपणार नाही, उरलेलं रोज रात्री जेवणानंतर घरी. नस्तनपूर जवळ आहे, दादांना प्रवास झेपेल. फक्त वाढदिवस शनिवारी आला तर एक दिवस पुढेमागे करू, कारण तिथल्या शनिमंदिरात त्या दिवशी गर्दी असते आणि वाचलेलं कुणाला ऐकू जाणार नाही. सकाळी लवकर निघू, पिठलं-भाकरी आणि ठेचा बांधून घेऊ, सतरंजी विसरायची नाही. पुस्तक मी आणतो. पहिलं प्रकरण तू वाच. तुझा आवाज दादांना बरोबर ऐकू जातो.

तुझा,
धाकटा भाऊ