वाडीतला पाहुणा

साप म्हटला की आपल्या ख्रिस्ती घरांत दोन चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात: एक एदेन बागेतले, दुसरे पवित्र मरियेच्या पायांखालचे. अजगराचा मात्र यांपैकी एकाशीही मेळ बसत नाही. त्याच्यापाशी ना विष, ना कावा.

रायगडच्या किनाऱ्यावर वाड्यांना मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचे कुंपण घालतात. गेल्या वर्षी, रोझरीच्या महिन्यात, शेजारच्या वाडीत असाच एक अजगर अडकला. दोन कोंबड्या गिळून परतताना, रिकाम्या पोटी जिथून आत शिरला तिथून भरल्या पोटी त्याला बाहेर पडता येईना. आठ फुटांचा देह, अंगावर वाळल्या पानांच्या रंगाचे डाग. काठ्या घेऊन माणसे जमली. वाडीची मालकीण असलेली आजी मात्र कुंपणापाशीच बसून राहिली. "कोंबड्या माझ्या गेल्या, तुमचं काय गेलं रे?" या हिशेबापुढे काठ्या खाली आल्या. वनखात्याची माणसे येईपर्यंत ती हलली नाही, अजगरही नाही.

त्याला हलवणारही नव्हते. जेवलेला अजगर सुस्त दिसतो, पण आत भट्टी पेटलेली असते. त्याचा भाऊबंद असलेल्या ब्रह्मदेशी अजगराचे हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, असे २००५ साली आढळले. अजगर भक्ष्याची हाडे मोडतो, हा समजही खरा नाही. असाच विळखा घालणाऱ्या बोआ सापावरील २०१५ च्या प्रयोगांत दिसले, की विळख्याने भक्ष्याचे रक्ताभिसरणच काही क्षणांत थांबते. अंधारात भक्ष्य हेरतात त्या ओठांवरच्या खाचा. उबदार देहाची ऊब त्यांना कळते.

जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान असलेले फणसाड १९८६ साली अभयारण्य झाले. तिथे अजगराला आसरा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घातले आहे, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला. पण कायदा वाडीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, काठी लगेच पोहोचते.

मला सर्वांत नवल वाटते ते मादीचे. उन्हाळ्यात ती एखाद्या बिळात किंवा ढोलीत अंडी घालते आणि त्यांभोवती वेटोळे करून बसते. सुमारे दोन महिने अन्न नाही. गारवा वाढला की ती स्नायू थरथरवते आणि त्या थरथरीतून अंड्यांना ऊब देते. थंड रक्ताच्या प्राण्यांत हे विरळाच. पावसाच्या सुमारास पिल्ले कवच फोडून बाहेर पडतात. त्यांना ती भरवीत नाही, सांभाळीत नाही. हात-दीड हात लांबीची ती पिल्ले ओल्या पाचोळ्यातून आपापल्या वाटेने निघून जातात, आणि इतके दिवस उपाशी असलेली आई शिकारीला निघते.