हातातून यंत्रात, यंत्रातून हातात

ड्रम अँड बेस हे नाव दोन वाद्यांचे आहे. तरीही या संगीताच्या सुरुवातीच्या वर्षांत ती दोन वाद्ये वाजवणारा माणूस बहुधा कुठेच नसे. १९९०च्या दशकाच्या आरंभी लंडन, ब्रिस्टल यांसारख्या इंग्लंडमधल्या शहरांत, राहत्या घरातल्या छोट्या खोलीत, सॅम्पलर (ध्वनिमुद्रणाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारे यंत्र) आणि संगणक यांच्या आधाराने ते रचले जाई. आधी त्याला जंगल म्हणत. जमैकाहून आलेल्या कुटुंबांनी सोबत आणलेल्या साउंड सिस्टिमचा खोल बेस आणि अमेरिकी सोल-फंक तबकड्यांवरून उचललेले ड्रमचे तुकडे, या दोन गोष्टींवर ते उभे राहिले. असे संगीत पुढे वादकांच्या संचाने दौऱ्यावर नेले आणि रोज नव्या गावात प्रत्यक्ष वाजवले, ही साधी घटना नव्हती. ती समजून घ्यायला एका ठेक्याचा माग काढावा लागतो.

तो ठेका १९६९ सालचा. वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या संचाच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूवर 'आमेन, ब्रदर' ही रचना होती. तिच्या मध्यावर बाकी सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर चार आवर्तने एकटा वाजवतो. एकूण सातेक सेकंद. पहिली दोन आवर्तने सारखी आहेत. तिसऱ्याच्या शेवटी स्नेअरचा ठोका किंचित उशिरा पडतो. चौथ्यात पहिली मात्रा रिकामीच राहते आणि झांज अनपेक्षित जागी फुटते. समेची जागा मोकळी सोडून ऐकणाऱ्याला क्षणभर अधांतरी ठेवण्याची ही युक्ती तबला ऐकणाऱ्या कानाला परकी वाटणार नाही.

१९८०च्या दशकात हा तुकडा डीजे मंडळींसाठी काढलेल्या एका संकलनात आला आणि तिथून सॅम्पलरमध्ये शिरला. मूळ गती मिनिटाला सुमारे १३६ मात्रांची होती, जंगलवाल्यांनी ती १६०–१७० पर्यंत नेली. ध्वनिमुद्रण असे पळवले की स्वरही चढतो. १३६चे १७० केले तर तो बरोबर सव्वापट होतो, म्हणजे षड्जाचा शुद्ध गंधार. कोलमनच्या भरदार स्नेअरचा आवाज त्यामुळे टणक आणि काचेसारखा झाला. मग रचनाकारांनी त्या सात सेकंदांचा एकेक ठोका सुटा केला, उलटासुलटा जोडला, आणि कोणाच्याही दोन हातांनी कधी वाजवले नव्हते असे ठेके जन्माला आले.

कोलमनला यातले काहीच मिळाले नाही. २००६ मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत त्याचा मृत्यू झाला. संचाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली. तिच्यातून सुमारे २४ हजार पौंड जमले, पण तोवर कोलमन जाऊन नऊ वर्षे झाली होती. कोट्यवधी पावलांना नाचवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावे, ही या संगीताच्या इतिहासातली न भरलेली जखम आहे.

यंत्रात गेलेला ठेका पुन्हा माणसाच्या हाती देण्याचे सर्वांत गाजलेले काम ब्रिस्टलमध्ये झाले. जमैकन आईवडिलांच्या पोटी जन्मून तिथे वाढलेल्या रॉनी साइझने क्रस्ट, डाय आणि सुव या साथीदारांसह 'रेप्रझेंट' हा संच बांधला. गायिका ओनाली, शब्दफेकीसाठी डायनामाइट एमसी, डबल बेसवर साय जॉन आणि ड्रमवर क्लाइव्ह डीमर. डीमर त्याआधी ब्रिस्टलच्याच 'पोर्टिसहेड'च्या ध्वनिमुद्रणात वाजवलेला, पुढे 'रेडिओहेड'च्या दौऱ्यांत दुसरा ड्रमर झालेला. १९९७ मध्ये रेप्रझेंटच्या 'न्यू फॉर्म्स' या अल्बमला ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. त्या वर्षीच्या नामांकनांत रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर'ही होता. घरच्या खोलीतले मानले गेलेले संगीत त्या रात्री देशाच्या दिवाणखान्यात आले.

स्टेजवर ते कसे उभे राहते, हे पाहण्यासारखे असते. मिनिटाला १७० मात्रा आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग धरले तर सेकंदाला अकराहून अधिक जागा होतात. ड्रमर त्या सगळ्या भरत नाही. ठळक ठोके मोजकेच असतात. त्यांच्या मधल्या फटींत स्नेअरवर काठी जेमतेम टेकवून हलके आघात पेरलेले असतात. ध्वनिमुद्रणात ते कानाला निसटतात. समोर उभे राहिले की मनगटाची ती थरथर डोळ्यांना दिसते आणि दिसल्यावर ऐकूही येऊ लागते. प्रत्यक्ष मैफलीची मोठी मिळकत हीच. कानाला डोळ्याची साथ मिळते.

यात एक विलक्षण उलटापालट आहे. सॅम्पलरने चढवलेला स्वर ड्रमरला खऱ्या वाद्यातून काढायचा असतो. म्हणून नेहमीच्या चौदा इंची स्नेअरच्या शेजारी एखादी लहान स्नेअर ठेवतात आणि तिचे पान कडक ताणतात. माणूस इथे यंत्राची नक्कल करतो, आणि ते यंत्र मुळात एका माणसाचीच नक्कल करत होते. ड्रमरच्या कानात एक टकटक सतत चालू असते, कारण संगणकातून येणारे सूर ठरलेल्या गतीनेच धावतात. एकल तबलावादनात लेहरा जे काम करतो तेच ही टकटक करते. फरक इतकाच, की लेहरेवाला माणूस असतो, प्रसंगी तो वादकाला सांभाळून घेतो. टकटक कोणालाच सांभाळून घेत नाही. तासभर त्या गतीत राहायचे आणि तरीही ठेका झुलता ठेवायचा, यात दमसासाची परीक्षा होते.

त्याहून अवघड काम डबल बेसवाल्याचे म्हणावे लागेल. त्याचे वाद्य लाकडाचे आणि पोकळ. समोरच्या स्पीकरचा गडगडाट त्या पोकळीत शिरला की वाद्य आपोआप घुमू लागते आणि ते घुमणे पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडते. म्हणून दूर ठेवलेल्या माइकपेक्षा घोडीपाशी बसवलेल्या पिकअपवर भिस्त ठेवतात. प्रसंगी वाद्याच्या चिरांत फोमही कोंबतात. पन्नास हर्ट्झच्या स्वराच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. असा स्वर कानापेक्षा बरगड्यांना आधी कळतो. भिंती आणि कोपऱ्यांपाशी तो साचतो, तर सभागृहात एखाद्या जागी अचानक पातळ होतो. त्यामुळे एकाच मैफलीत दोन पावले सरकलेल्या श्रोत्याला वेगळी मैफल मिळते.

आणि हा बेस निम्म्या गतीने चालतो. ड्रम १७०ने पळतात, बेस ८५ने पावले टाकतो. पुण्याच्या मिरवणुकीत ताशाची तर्री आणि ढोलाचा ठोका यांच्यात जे नाते असते, तसेच काहीसे हे. नाचणाऱ्याने कोणाचा हात धरायचा ते त्याने ठरवावे. १९९७ साली विशीत असलेला श्रोता स्टेजला खेटून ड्रमबरोबर धावला असेल. २००८ मध्ये 'न्यू फॉर्म्स' नव्या रूपात निघाला आणि संच पुन्हा दौऱ्यावर आला, तेव्हा तिशी ओलांडलेला तोच श्रोता बेसच्या पावलांनी मान डोलावत उभा राहिला असेल. आज पन्नाशीकडे झुकताना तो ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाजवळची जागा पकडतो, कारण आवाजाचा तोल तिथे सर्वांत नेटका असतो. त्याच्या कानांत बोळेही असतात. शंभर डेसिबलच्या आवाजात संरक्षणाशिवाय पंधरा मिनिटांपलीकडे थांबू नये, अशी अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. संगीत तेच, पण वयानुसार त्यातला वेगळा थर हाती लागतो.

भारतीय तालाशी या प्रवाहाची गाठ लंडनमध्ये पडली. हॉक्स्टन चौकातल्या 'ब्लू नोट' क्लबमध्ये रविवारी रात्री गोल्डी आणि त्याचे 'मेटलहेड्झ' ड्रम अँड बेस वाजवत, आणि त्याच जागी सोमवारी तलविन सिंग तबला घेऊन 'अनोखा' नावाची मैफल भरवी. त्याच्या 'ओके' या अल्बमला १९९९ मध्ये मर्क्युरी पुरस्कार मिळाला. अटलांटिकच्या पलीकडे बिल लॅस्वेल आणि झाकिर हुसेन यांच्या 'तबला बीट सायन्स' या संचात इंग्लंडात जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला कर्ष काळे होता, आणि शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टूही होते. यांतल्या तबलावादकांना वेगाचे अप्रूप नव्हते. दुगुन-चौगुन त्यांनी लहानपणीच पचवलेली होती. त्यांच्यासाठी नवा होता तो बेसचा खोल तळ.

दौऱ्यातली मैफल बहुधा मध्यरात्रीच्या आसपास संपते. डीजे लागोपाठ तबकड्या जोडत राहतो. संचाला मात्र थांबावे लागते, श्वास घ्यावा लागतो, तार चढवावी लागते. शेवटच्या ठोक्यानंतर झांजेचा नाद विरतो, दिवे लागतात आणि घामाने भिजलेला ड्रमर काठ्या खाली ठेवून तळहात चोळतो. लहान स्नेअर पेटीत जाते, डबल बेस गवसणीत शिरतो, आणि गाडी पुढच्या गावाच्या रस्त्याला लागते.