श्रूजबरी आणि जपानी तलवारी

श्रूजबरीतून रूट ९ने क्विन्सिगामंड तळ्यावरचा पूल ओलांडला की आलेच वूस्टर. तिथले हिगिन्स शस्त्रसंग्रहालय २०१३अखेर बंद झाले. त्याचा संग्रह वूस्टर आर्ट म्युझियमकडे गेला. पण मंडळी, शस्त्रे फक्त काचेआडच असतात असे नाही हं! १९४५ मध्ये जपान शरण आल्यावर अमेरिकन सैनिकांनी घरी आणलेल्या तलवारी लिलावांत अजून निघतात.

घेतलीत, तर आधी पाते पाहा. त्यावर क्रमांक ठोकलेला असला तर ती बहुधा १९३५च्या नमुन्याची, यंत्रावर केलेली हवालदाराची तलवार. अधिकाऱ्याची असेल तर मुठीतली बांबूची खुंटी हलकेच काढून आत दडलेले पात्याचे टोक बघा. तिथे ‘शोवा’ किंवा ‘सेकी’ शिक्का म्हणजे सहसा युद्धकाळातला, जुनी रीत सोडून केलेला माल. शिक्का नाही आणि गंज काळाभोर, तर कदाचित शेकडो वर्षांचे खानदानी पाते लष्करी मुठीत बसवलेले! आपल्याकडे नाही का, युरोपी पात्याला देशी मूठ चढवून फिरंग होई?

दसऱ्याला शस्त्रे घासूनपुसून पुजायची आपली सवय इथे मात्र आवरा. मुठीतला तो गंजच तलवारीचे वय सांगतो. तो घासलात, की पुरावाही गेला आणि किंमतही.