बियाणे एका मडक्यात नसावे

आपल्याकडे 'जपून ठेवणे' या क्रियेला फार मान आहे. लग्नातला शालू ट्रंकेत जपून ठेवतात, सातबाऱ्याचा उतारा कापडी पिशवीत जपून ठेवतात, आणि कधी कधी तर एखादी वस्तू इतकी जपून ठेवतात की ऐन वेळी ती कुणालाच सापडत नाही! मी जिच्याविषयी लिहिणार आहे ती वस्तू मात्र ट्रंकेत मावणारी नाही. ती आहे संगणकातली एक फाइल, आणि तिच्यात माझ्या आजीच्या 212 ओव्या आहेत.

आजी मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. गावात विजेची चक्की आली तसे जाते कोपऱ्यात गेले आणि ओव्यांना हात नि गळा दोन्ही मिळेनासे झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, हे वर्गात ऐकले तेव्हा वाटले, लाखाचे काम थोरांनी केले; आपल्या घरच्या दोनशेचे काम आपण का करू नये?

वहीत लिहायला लागले. पण ओवी काही एका पानावर स्वस्थ बसत नाही. माहेरची ओवी भावाकडे जाते, भावाची पंढरीला जाते, पंढरीची पुन्हा सासुरवासाकडे वळते. म्हणून 'विकी' धरली. 'विकी' हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ 'भरभर'. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 साली पहिली विकी लोकांपुढे ठेवली. स्वतःपुरतीही विकी करता येते. मी वापरते ती 'टिडलीविकी' जेरेमी रस्टन यांनी 2004 साली काढली. अख्खी विकी म्हणजे एकच फाइल. तिच्यात एकेका ओवीचे टिपण, आणि एका टिपणातून दुसऱ्यात जायला पायवाट. 'काहून', 'पऱ्हाटी', 'वावर' असे आपले वऱ्हाडी शब्दही त्यात वेगळे नोंदवले आहेत.

हिची एक खोड आहे. ब्राउझर सुरक्षेसाठी कोणत्याही पानाला संगणकात मनमानी लिहू देत नाही. त्यामुळे 'जतन करा' म्हटले की जुनी फाइल तशीच राहते आणि 'डाउनलोड्स'मध्ये नवी प्रत पडते. तिच्या नावापुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे चढत जातात. आठ दिवसांत त्या जत्रेतून खरी कोणती, हे शोधणे आले.

मामेभावाने यावर चार ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाच्या हाती दिलेली कामांची चिठ्ठी. साध्या नोटपॅडमध्ये ती लिहिता येते. पहिली ओळ सर्वांत ताजी प्रत शोधते. दुसरी तिला मूळ जागी आणून ठेवते. तिसरी त्या दिवसाची तारीख नावात घालून आणखी एक प्रत 'जुन्या प्रती'मध्ये टाकते. चौथी, पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तिथेही एक पोचवते. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे प्रती आपोआप क्रमाने लागतात. तारखेतली तिरपी रेघ फाइलीच्या नावाला चालत नाही, तिथे आडवी घालावी लागते. आणि गंमत अशी की देवनागरी नाव दिले तर चिठ्ठी अडखळू लागते; म्हणून या अस्सल मराठी फाइलीचे बारसे रोमन लिपीत झाले आहे!

रोज नवी प्रत कशाला, जुनीवरच नवी टाकावी, असे कुणी म्हणेल. पण आज फाइल बिघडली तर तो बिघाडही इमानाने जुन्या प्रतीवर चढेल. कालची सुस्थितीतली प्रत हवी तर ती वेगळीच असावी लागते.

हे सारे मी आजीला सांगितले, तेव्हा तिला फारसे नवल वाटले नाही. ती म्हणाली, "एका मडक्याच्या भरवशावर बियाणं ठेवत नसतात, माय." ज्वारीचे बी ती राख लावून मडक्यात ठेवी, थोडे कणगीत, आणि थोडे चिखलीकडे दिलेल्या बहिणीच्या घरी. संगणकवाले सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. आजीने तो नियम न वाचता पाळला होता.

त्याचा अनुभव लवकरच आला. पावसाळ्यात दोन दिवस संध्याकाळची वीज नव्हती. स्क्रिप्ट रात्री आठला चालायची, ती चाललीच नाही. तिसऱ्या दिवशी वीज आली ती झटक्यानिशी, आणि संगणकाची डिस्क गेली. पेनड्राइव्हवर तीन ओव्या सोडून सगळे होते. त्या तीन आजीला पुन्हा म्हणायला लावल्या. दोन तशाच आल्या. तिसरी वेगळीच आली! कोणती खरी म्हणावी? तेव्हापासून संगणक सुरू होताच ती चिठ्ठी चालते.

त्या दिवशी 'लीळाचरित्र' आठवले. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या लीळा मिळवल्या; त्यांत आपले लोणार आणि मेहकरही येते. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, आणि पाठभेद झाले. ज्यांच्या मुखात लीळा होत्या तीच माणसे तिची दुसरी प्रत ठरली. पुढे महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहिल्या. पोथ्या वाचल्या खऱ्या, पण पंथाबाहेरच्या वाचकाला त्या विसाव्या शतकापर्यंत बंदच राहिल्या. म्हणून महिन्यातून एकदा मी सर्व टिपणे साध्या मजकुरातही उतरवून ठेवते. टिडलीविकी उद्या राहो न राहो, अक्षरे तर कुणालाही वाचता यावीत.

गेल्या माघात आजी गेली. आता तिसऱ्या ओवीचा पाठ विचारायला कुणी नाही. दोन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवले आहेत. एक प्रत चिखलीला आजीच्या बहिणीच्या नातवाकडे दिली आहे, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देणार आहे. दर अमावस्येला एखादी जुनी प्रत उघडून पाहते, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा काय? बी रुजते की नाही हे पाहायला आजीही मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवायची.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी जात्याजवळ बसलेली कुणी असेल तर या सुट्टीत तिच्यापाशी बसा. चार ओळींची ती चिठ्ठी हवी असेल, तर मी लिहून देईन.