टरफलं द्यायची तर पूड करून

देवगडात परसबाग करताना एक गोष्ट मला पक्की पटली आहे. अंड्याची टरफलं हाताने कुस्करून बुंध्याशी टाकली काय, न टाकली काय, झाडाला फारसा फरक पडत नाही. तीच वस्त्रगाळ करून मातीत मिसळली, तर आपल्या जमिनीत त्यांचं चीज होतं. टरफलाचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच. ती विरघळायला आम्ल लागतं आणि जांभ्याच्या तांबड्या मातीत त्याला तोटा नाही. दर पावसाळ्यात कोसळणारं पाणी या मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतं, मागे आम्लता उरते. देशावरच्या काळ्या जमिनीत चुनखडी बहुधा आधीचीच असते, तिथे टरफलाची गरज नाही आणि ते विरघळतही नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं टरफल सापडलं, ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं मानलं जातं. शहामृगाचं टरफल कोंबडीच्यापेक्षा पुष्कळ जाड हे खरं, पण द्रव्य तेच. माती अनुकूल नसेल तर टरफल किती काळ तग धरतं, हे त्यावरून कळतं.

पण माती आम्ल आहे म्हणून काम आपोआप होईल, असंही नाही. आम्लाची क्रिया पृष्ठभागावर होते, आणि कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त. पाहायचंच असेल तर टरफलाचा एक तुकडा आणि चिमूटभर पूड वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन दोन्हींवर व्हिनेगर ओतावं. पूड लगेच फसफसून वर येते. तुकड्यावर मात्र बारीक बुडबुडे धरतात आणि तो बराच वेळ तसाच पडून राहतो. मातीतलं आम्ल व्हिनेगरपेक्षा फार सौम्य, त्यामुळे तिथे तुकड्याला किती काळ लागेल याचा अंदाज येतो. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात झालेल्या चाचणीचा निष्कर्षही हाच होता: जाडसर टरफलं जवळपास निरुपयोगी, बारीक दळलेली मात्र शेतीच्या चुन्याच्या तोडीची.

यावर कोणी म्हणेल, आम्ही वर्षानुवर्षं टरफलं अशीच टाकतो आणि झाडं झक्क आहेत. पण त्याच खड्ड्यात भाजीची देठं, माशांचं धुवण, शेण आणि पातेरा पडत असतो. झाडं पोसली जातात ती त्यावर, आणि श्रेय मिळतं पांढऱ्या दिसणाऱ्या टरफलाला. दुसरा आग्रह टरफलं रात्रभर भिजवून ते पाणी झाडांना घालण्याचा. कॅल्शियम कार्बोनेट साध्या पाण्यात नगण्य विरघळतं, तेव्हा त्या पाण्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. टोमॅटो बुडाशी काळा पडतो तो कॅल्शियमअभावी, हे बरोबर आहे. पण बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतं आणि पाणी कधी जास्त, कधी कमी झाल्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. तिथे औषध टरफल नव्हे, नियमित पाणी आणि मुळाशी आच्छादन. गोगलगाई अडवण्यासाठी टरफलांचं कडं घालतात, त्याचाही भरवसा धरू नये. ओल्या पावसाळ्यात त्या ते सहज ओलांडतात.

मग एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर हिशोबात आहे. एका टरफलाचं वजन साधारण पाच-सहा ग्रॅम. आठवड्याला डझनभर अंडी लागणाऱ्या घरात वर्षाला साडेतीन किलोच्या आत-बाहेर टरफलं निघतात. हेक्टरी दोन टन चुनखडी धरली, तर चौरस मीटरला २०० ग्रॅम पडतात, म्हणजे घरची पूड सतराएक चौरस मीटरला पुरेल. कातळात खड्डे फोडून लावलेल्या हापूसच्या बागेला ती कुठेच पुरणार नाही, तिथे माती तपासून चुना विकत आणावा. पण परड्यातले मिरची, वांगी, वालाचे वाफे तेवढ्यात बसतात, आणि एरवी कचऱ्यात जाणारी वस्तू कामी येते. तिसऱ्यांच्या शिंपाही कॅल्शियम कार्बोनेटच्याच, पण त्या इतक्या टणक की घरच्या मिक्सरचं ते काम नव्हे. टरफल ठिसूळ आहे, हाच त्याचा खरा फायदा.

म्हणून टरफलं आधी धुवावीत, म्हणजे वास, मुंग्या आणि उंदीर टळतात. मग खळ्यात कडक उन्हात वाळवून मिक्सरमध्ये दळावीत आणि कपड्यातून गाळावीत, वर उरेल ते पुन्हा दळावं. पाऊस लागायच्या आधी ही पूड वाफ्यात वीतभर खोल मिसळावी, ओल आली की काम सुरू होतं. कंपोस्टमध्येही पूडच घालावी, कारण तुकडे खत तयार झाल्यावरही जसेच्या तसे सापडतात. अननसाच्या ओळीला मात्र ती घालू नये, त्याला आम्ल मातीच मानवते. टरफल हे खत नाही. नत्र, स्फुरद, पालाश त्यात नावापुरतेच, तेव्हा शेणखताची जागा ते घेणार नाही. पावसाने जे धुऊन नेलं त्यातला एक वाटा परत करण्याची ती सोय आहे. तेवढंच काम तिच्याकडून मागितलं, तर देवगडच्या मातीत ती ते चोख करते.